शॉयफलेबाईंच्या अंगणातला तेलाचा थेंब

माझ्या नवऱ्याची, ओट्मारची, ती जुनी स्पोर्ट्स कार. इंजिन मागे, आणि आवाज असा की टेकडीपलीकडच्या कोंबड्या दचकून दोन-दोन अंडी घालायच्या. खोटं वाटतंय? मग विचारा कोंबड्यांना.

तर ती गाडी तेल गाळायला लागली. थेंब एवढाले, की चिमण्या वाकून त्यात तोंड बघायच्या. आता आमच्या स्टुटगार्टात काय, ज्याच्या दारावर झाडलोटीच्या पाळीची पाटी लागली त्याने त्या आठवड्यात सगळ्यांचं अंगण झाडायचं. नेमकी पाळी शॉयफलेबाईंची, आणि घरमालकीणही त्याच.

"अहो ओट्मार, शनिवारी मी स्वतः बघणार," बाई म्हणाल्या. "एक थेंब दिसला तर गाडी माझ्या अंगणाबाहेर."

"रस्त्यावर ठेवण्यापेक्षा विकून टाकीन," नवरा मला म्हणाला आणि सूप अर्धं टाकून उठला. लग्न झाल्यापासून या माणसाने सूप टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्याने इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले. थेंब चालूच. येतो तरी कुठून? मला काही राहवेना. या वयात सरपटत गेले गाडीखाली. बघते तर इंजिन माझ्या ताटांसारखं लखलखीत!

"इतकं स्वच्छ कसं रे?"

"फिरून आलो की लगेच पुसतो ना. आपण काय बर्लिनचे गबाळे आहोत?"

"अरे शहाण्या! चोराची पावलं रोज तूच पुसतोस, आणि वर विचारतोस चोर गेला कुठे!"

त्याचं फडकं मी जप्त केलं. पुसलेल्या इंजिनावर, चोराची पावलं उमटावीत म्हणून, खालून चाळणीने पीठ उडवलं. निम्मं माझ्याच नाकात गेलं.

"अगं बुर्गा, ते श्पेट्झलेच्या शेवयांचं पीठ आहे!"

"मग? त्या बिचाऱ्या इंजिनाने जेवूच नये?"

द्राक्षमळ्याच्या चढावर एक चक्कर मारून आलो आणि दोघं गाडीखाली आडवे झालो. सगळं पांढरं, फक्त खालच्या दोन नळ्यांच्या टोकांशी ओलं, तपकिरी कडं.

"या नळ्या कसल्या रे?"

"वरचं तेल खाली इंजिनाच्या पोटात परत आणणाऱ्या. टोकांना रबरी रिंगा असतात. म्हाताऱ्या झाल्या, कडक झाल्या, आता गळतात."

"माझ्याकडे बघून बोलू नकोस."

पण अख्खी नळी काढायची तर इंजिन खोलायला हवं, आणि शनिवार तर उंबऱ्यात. मग ओट्मारने दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणल्या. आधी सायलेन्सरचे पाइप उतरवले. त्यांचे गंजके नट असे किंचाळले की खालच्या चर्चमधल्या लोकांना वाटलं प्रार्थना सुरू झाली. जुन्या नळ्या कापून काढल्या. नव्या रिंगांना तेल लावलं, नळी मिटून आत घातली आणि दोन्ही टोकं भोकांत घट्ट बसेपर्यंत ताणली. ती पुन्हा मिटू नये म्हणून वर लॉक बसवलं. एकेक करून सगळ्याच बदलल्या, उगाच एखादी रुसायला नको.

शनिवारी गाडी तापवून आणली, तर अंगणात सगळी बिऱ्हाडं कॉफीचे कप घेऊन हजर. बाईंनी कपाटातली इस्त्रीची पांढरी चादर आणून गाडीखाली अंथरली. कॉफी संपली, तशी बाईंनी चादर ओढून काढली आणि उन्हात धरली.

मधोमध डाग!

ओट्मार मटकन पायरीवर बसला. मी पुढे जाऊन डाग नीट पाहिला, वास घेतला. "शॉयफलेबाई, तेल असं जांभळं असतं का हो? ही तर ब्लूबेरी. जुनी दिसते. पलंगावर बसून केक खाता वाटतं?"

बाई बीटासारख्या लाल झाल्या. चादरीची घडी घातली, ती पोटाशी धरली आणि तरातरा आत गेल्या. धुण्याचं मशीन सुरू झालेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

गाडी अजून अंगणातच आहे.