साहेबांची पाठ

मी एक जुनं पायपुसणं आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. पाय तुम्हीच पुसता.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानातला. शिंपीदादांच्या आईने उरलेल्या कातरणांना टाके घालून मला शिवलं. तेव्हा गिऱ्हाइकं "काय रंग जमलेत!" म्हणत मला ओलांडून जायची. आता तीच माणसं माझ्यावर चिखल घासतात. चालायचंच.

मग घरात साहेब आला. साहेब म्हणजे कुत्रा. हाक मारली तर बघायचा नाही, शेपूट हलवायचा नाही. गल्लीतली पिल्लं खेळायला आली की भिंतीला चिकटायचा आणि मग तासन् तास माझा एकच कोपरा चाटत बसायचा. "साहेब आज कुणाला भेटणार नाहीत," असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचे. तेच नाव पडलं.

दादांच्या बायकोला, वहिनींना, मात्र हसू येत नसे. काम उरकून त्या उंबऱ्यावर टेकल्या, की साहेब यायचा आणि नेमका त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. "खायला मी घालते आणि पाठ मलाच फिरवतो! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं." मनाला फार लागायचं त्यांच्या.

जनावरांचे डॉक्टर माझ्यावरच उभे राहून बोलले, "हा माजोरी नाही. काही पिल्लांची वाढच जरा निराळी होते, चारचौघांत कसं वागायचं ते उमगत नाही. आजार म्हणावा का, मलाही नक्की सांगता येत नाही. पण ज्याची भीती वाटते त्याच्यावरून हा नजर काढत नाही, एवढं ध्यानात ठेवा." वहिनींनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

शेवटी साहेबाला गोदामाच्या राखणदाराला द्यायचं ठरलं. तो दोरी घेऊन आला. साहेब त्याच्याकडे टक लावून बघत राहिला.

"बघा, लगेच लळा लागला!" राखणदार खूश झाला.

वहिनी उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "हे पायपुसणंही न्या. त्याशिवाय त्याला झोप लागत नाही." मला कुणी विचारलं नाही. कधी विचारतात?

राखणदार पुढे झाला. साहेब नजर न काढता मागे मागे सरकत गेला, पार वहिनींच्या गुडघ्यांना पाठ टेकेपर्यंत. अंग लटलट कापत होतं. वहिनींचा हात त्या पाठीवर गेला आणि तिथेच थांबला.

"अहो," त्या दादांना म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाले होते? हा माझ्यावर रुसत नव्हता हो. माझी भीतीच वाटत नव्हती त्याला." त्यांचे डोळे भरून आले. मग राखणदाराकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. साहेब कुठे जाणार नाहीत."

साहेब अजूनही हाकेला दाद देत नाही. माझी शिवण उसवलीय, आता अंगात दम नाही. तरी एक सांगायचंय, मित्रांनो: कुणी पाठ फिरवली म्हणून लगेच नावं ठेवू नका. कदाचित त्याला तुमच्याकडे टेकायचं असेल.

आणि हो, पाय शेजारच्या नव्या पायपुसण्याला पुसा. माझ्यावर साहेब झोपलाय.