गाडी बंद झाल्यावर

बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या अन्नपेढीची गाडी फुकट चालवायचे. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, त्यापेक्षा गाडी बरी. ज्यांना अन्नपेढीपर्यंत येणं जमत नाही, अशा म्हाताऱ्या-आजारी माणसांना ते शिधा घरपोच द्यायचे.

मग डिझेल महागलं, तांदूळ-तेलाचे भाव आभाळाला भिडले आणि देणाऱ्यांचेही हात आखडले. एका सकाळी व्यवस्थापक बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, पुढच्या आठवड्यापासून गाडी बंद. इंधन भरायचं तर पिशव्या कमी भराव्या लागतात."

"आणि ज्यांना येता येत नाही ते?"

बाईंनी घरपोच शिध्याची यादी त्यांच्या हातात ठेवली. भांडायचं तरी कुणाशी?

शेवटच्या फेरीत काकांनी दारोदार जाऊन सांगितलं. सांगायच्या राहिल्या फक्त चौथ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या आजी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. काका आले की त्या मुद्दाम बोलणं लांबवायच्या, आणि काकाही 'निघतो आता' म्हणत बसून राहायचे. त्या दिवशी शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच विरले.

पुढच्या आठवड्यात काकांनी स्वतःच्या डब्यातले तांदूळ आणि डाळ पिशवीत भरली आणि ते बसने निघाले. चार जिने चढताना चांगलीच धाप लागली.

आजींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हे तिकडचं नाही. तांदूळ वर्तमानपत्रात बांधलेत."

"तिकडच्या पिशव्या संपल्यात."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ड्रायव्हरसाहेब."

मग सगळं सांगावंच लागलं. आजींनी पिशवी उचलून हातात तोलून पाहिली.

"तुमच्या घरी काय उरलंय?"

"माझं भागतं."

"भागतं म्हणजे चहावर दिवस काढता." त्यांनी तांदूळ धुऊन शिजत टाकले. दोघं जेवले. "पुढच्या वेळी निम्मंच आणा," आजी म्हणाल्या. "पण जेवूनच जायचं."

परतीची बस जुन्या फेरीच्या रस्त्याला लागली. तिथे एका घरात दृष्टी गेलेले पोस्टमन एकटे राहायचे. गाडी येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे कान लावून बसले होते. बस थांब्यावर थांबली. काकांच्या हातात काहीच नव्हतं. रिकाम्या हातांनी उतरून म्हणायचं तरी काय? ते जागेवरच बसून राहिले, आणि बस हलली.