दाखवायचा बीम

चार वाजेपर्यंत दाखला पोचला नाही तर घर घेणारा मागे हटणार, हे धाकट्या भावाने ताईला सकाळपासून पाच वेळा फोन करून सांगितलं होतं. सहाव्यांदा सांगितलं ते दारातच, तिच्या हातातली पिशवी घेता घेता.

"त्यांचा वकील अडून बसलाय. म्हणे, मधली भिंत काढली ती नियमाप्रमाणेच काढली, असं इंजिनिअरच्या सहीनं लिहून द्या. दोन मिनिटांचं काम आहे, ताई."

"सही दोन मिनिटांची. तिच्या आधीचं बघू दे."

ताई इंजिनिअर. तीस वर्षं लोकांच्या इमारतींना दाखले देत आलेली, एकेका शब्दावरून ठेकेदारांना रडकुंडीला आणणारी. पण इथे सख्खा भाऊ होता. हे घर विकलं गेलं तरच त्याला नव्या घराची किल्ली मिळणार होती, आणि घरातलं अर्धं सामान खोक्यांत गेलंही होतं.

भिंत काढून नऊ वर्षं झाली होती. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक करायची म्हणून भावाने तिला फोन केला, तेव्हा ती परगावी एका पुलाच्या कामावर होती. मागे यंत्रांचा खडखडाट. तिने घाईघाईत सांगितलं, "भिंतीच्या जागी बीम दाखव, म्हणजे झालं." तिच्या धंद्यात बीम दाखवायचा म्हणजे नकाशात दाखवायचा, आणि नकाशात दाखवला की तो ओतायचाच. हे सांगावं लागतं असं तिला वाटलं नाही. आठवड्याने भावाचा फोन आला, "दाखवला गं." तीही खूश, तोही खूश.

आज बीम समोर होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पांढराशुभ्र, कोपरे कसे धारदार. त्याच्या खाली, अगदी मधोमध, जमिनीपासून बीमपर्यंत भिडलेलं भावजयीचं जाड लाकडाचं कपाट. सुतार स्टुलावर चढून त्याचे स्क्रू काढत होता.

"हेही नेणार?" ताईने विचारलं.

"मग काय, इथं ठेवू?" भावजय म्हणाली. "दोन वर्षं झाली, दारं मेली अडतात. या सुतारांनीच केलंय, विचारा त्यांनाच."

"माझी दारं अडत नाहीत, बाई," सुतार वरूनच म्हणाला. "वरून काहीतरी दाबतंय."

भाऊ आणि भावजय हसले. ताई हसली नाही. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि बीमवर बोटाने टकटक केलं. काँक्रीटवर वाजवलं तर बोटच दुखतं. इथे बीमच बोलला, पोकळ, रिकाम्या डब्यासारखा.

"कुणी केला हा?"

"इथल्याच एका गवंड्यानं, फटाफट म्हणतात त्याला. तू सांगितलंस तसाच. तो म्हणाला, दाखवायचाच आहे ना, मग एका दिवसात दाखवतो."

ताईने सुताराचा स्क्रूड्रायव्हर मागितला आणि बीमला लावून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा टोकाला प्लायवूडचा भुसा होता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे तिला ठाऊक होतं, पण हे दात तिनेच मागितले होते.

भाऊ जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एवढंच लिही ना, पाहणीत बीम दिसला. खोटं काय त्यात? दिसतोय ना?"

शब्दन्‌शब्द खरं होतं. पाहणीत दिसून आले, एवढ्या आडोशाला उभं राहून तिच्या ओळखीचे कितीतरी जण निवृत्त झाले होते. घड्याळात सव्वातीन. ताईने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मागून सुताराचा आवाज आला, "घट्ट बसलंय, पहार घालतो."

कट्ट.

कपाट दोन बोटं पुढे सरकलं आणि बीमच्या कोपऱ्यातून प्लास्टरचा भुगा खाली आला. त्याच वेळी वरच्या मजल्यावर काहीतरी जड फरफटत चाललं होतं. भाची आपल्या पुस्तकांची पेटी ओढत होती.

"कपाट मागे लोटा!" ताई ओरडली. "आणि तू गं, वर! पेटी सोड!"

"काय झालं, आत्या?"

"सोड म्हणते ना! भिंतीच्या कडेकडेनं जिन्यावर ये. पळू नकोस."

सुताराने खांदा लावून कपाट जागेवर नेलं आणि पाचरी ठोकल्या. वर पावलं वाजत होती. एक, दोन, मग मध्येच थांबली, मग पुन्हा. भाची खाली आली, केसांत पेन्सिल खोचलेली, चेहऱ्यावर वैताग. ताईने तिचा दंड धरला आणि सगळ्यांना अंगणात हाकललं.

भाऊ वरच्या खिडकीकडे बघत राहिला. "तिचा पलंग बरोब्बर त्याच्यावर आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षं." भावजयीने लेकीला घट्ट धरलं होतं, ती सोडेचना.

ताईने कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला. लिहिलं: भिंत काढली आहे. बीम नाही. वरचा मजला कपाटावर टेकला आहे. आधार देईपर्यंत घरात कोणीही जाऊ नये. मग एक ओळ खाली सोडून: सल्ला माझा होता. फोनवरून दिला, काम पाहिलं नाही.

"हे कशाला लिहितेस?" भाऊ कळवळला. "तुझं लायसन्स जाईल, ताई."

"दाखव मीच म्हटलं होतं ना?"

"माझी दारं चांगली होती, तेही लिहा," सुतार म्हणाला. कुणी हसलं नाही. ताईने सही केली.

फोन वाजला. वकील होता. झाला का दाखला, त्याने विचारलं. भावाने लेकीकडे पाहिलं. ती फाटकाशी उभी राहून, बीमखालून येताना केसांत पडलेला भुगा झटकत होती.

"झाला," भाऊ म्हणाला. "आणतो. पण घर घेऊ नका म्हणावं त्यांना."