पाहुण्याची जागा

सावळाराम शेठला फुटबॉलमधलं एवढंच कळत होतं, की चेंडू गोल असतो आणि प्रतिष्ठित माणसानं तो खुर्चीत बसून बघायचा असतो. तरी शहापूरच्या संघात कोण कुठं उभं राहणार हे त्यानंच ठरवलं. मंगळू खोडक्याला त्यानं अगदी पुढं, समोरच्या मुरबाड संघाच्या गोलाच्या तोंडाशी उभं केलं.

“मी हाफबॅक हाय, शेठ,” मंगळू म्हणाला. “मधी, बॅकच्या पुढं. नऊ वर्सं तिथंच खेळतोय.”

“अरे, तू मुंबईचा खेळाडू. पाहुण्याला मागं उभं करतात का कधी? लोक आमच्या तोंडात शेण घालतील.”

मंगळू डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा. बारा वर्षांपूर्वी याच शेठनं त्याला आपल्या ओटीवर चढू दिलं नसतं. आता मागं उभं राहू देत नव्हता.

पुढं खेळणाऱ्यांविषयी मंगळूचं मत पक्कं होतं. पंगत कधी बसते याची वाट बघणाऱ्या सोयऱ्यांसारखे ते उभे असतात, आणि जेवून उठले की रांधलं कोणी हे विचारत नाहीत. मुंबईला गिरणीच्या संघात नऊ हंगाम त्यानं असल्यांसाठी रांधलं होतं. पेपरात त्याचं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं.

पण आज मत बाजूला ठेवायला हवं होतं. गेल्या हंगामात त्याचा गुडघा सुजला होता. गिरणीचे रेगेसाहेब नाशिकला जाता जाता मुद्दाम थांबले होते. संघात एकच जागा उरली होती, आणि ती मंगळूला ठेवायची की नाही हे ते आज ठरवणार होते. नाहीतर खेळ संपला आणि उरलं आयुष्य गिरणीत, कापडाच्या मागावर. त्यानं वाद घातला नाही, पुढं जाऊन उभा राहिला.

भातकापणी झालेल्या शेतात मैदान केलं होतं. मुरबाडकडून गुणा नावाचा तरणा गडी पुढं खेळत होता. शहापूरच्या संघात मधी कोणीच नव्हतं, म्हणजे नावाला दोघं होते, पण ते चेंडूमागं कोंबड्यांसारखे धावत होते. ते ज्या बाजूला धावत, त्याच्या उलट बाजूनं गुणा निघे. अर्ध्या तासात चार गोल. मंगळू लांबून बघत होता आणि मोजत होता. समोरच्या संघात पुढं खेळणाऱ्यानं चेंडूला किती वेळा पाय लावला हे मोजायची त्याला सवय होती. सतरा वेळा.

मध्यंतरात चहा आला. “तू गोल का मारीत नाहीस रे?” शेठनं विचारलं. मंगळूनं बशी खाली ठेवली.

दुसऱ्या हाफात तो कोणाला न विचारता मागं आला. चेंडूमागं तो पळालाच नाही. चेंडू जिथं येणार तिथं दोन पावलं आधी जाऊन उभा राही आणि आला की बाजूला सरकवून देई. माणसं तीच, मैदान तेच, चेंडू तोच. हलवला होता एकच माणूस. गुणाच्या पायाला चेंडू चार वेळा लागला, आणि चारही वेळा त्याची पाठ शहापूरच्या गोलाकडं होती. गोल एकही नाही.

“पाहुणा दमला वाटतं,” खुर्च्यांमधून कोणी म्हणालं.

“दमला नाय, घाबरला,” दुसरा म्हणाला. “मागं जाऊन लपलाय.”

लोक जांभया देऊ लागले. काही जण मॅच संपायच्या आत बाजाराकडं गेले.

शेठनं गुणाला बक्षिसाचा पेला दिला आणि मंगळूला नारळ. मग रेगेसाहेब आले.

“गुडघा बरा दिसतोय, मंगळू. पण तू पुढं होतास तेव्हा गोल नाही, मागं होतास तेव्हाही नाही. त्यानं चार मारले.”

“दुसऱ्या हाफात किती मारले, साहेब?”

“दुसऱ्या हाफात काही झालंच नाही रे. मला तर डुलकी लागली.”

“तेच माझं काम.”

साहेब विनोद समजून हसले आणि घड्याळ बघितलं. सोमवारपासून मंगळूनं मागखात्यात पूर्ण पाळी करायची, जागा गुणाला.

मंगळू बांधावर बूट सोडत बसला. थोड्या वेळानं गुणा पेला काखेत मारून आला.

“दादा, दुसऱ्या हाफात मला चेंडूच गावला नाय. तुमी तर पळतपण नव्हता.”

अख्ख्या मैदानात एका माणसाला त्याचं काम दिसलं होतं, आणि तोही नेमका हा पुढं खेळणारा. मंगळूला मनापासून किळस आली.

“साहेबानं मला घेतलाय,” गुणा म्हणाला. “मागं तुमी असाल ना?”

“नाय.”

“मग कोण असंल?”

“कोणी नाय. माझी जागा तुला दिली, आन् तू पुढं खेळतोस.”

“आन् तिकडून माझ्यावाणी कोणी आला तर?”

“येईल की. दर रविवारी येईल. मग गोलकिपर आन् तू बघून घ्या.”

गुणाचं हसू गेलं. त्यानं पेला काखेतून काढून हातात धरला, आता तो जड झाल्यासारखा. ते बघून मंगळूला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.