आबांना वाकता येत नव्हतं

चारुलताने सायकल घेतली तेव्हा भाविका साडेचार वर्षांची होती आणि गट्टू दोनाचा. व्यायामासाठी घेतली असं तिने घरी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण पहिल्याच सकाळी मेहरूण तलावाकडे जाऊन परत येताना तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपल्याला कुणी ‘मम्मी’ म्हणून हाक मारलेली नाही. तलावाकडे तिने नीट पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

चारुलता जळगावला पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होती. नवरा ललित पाइपच्या कारखान्यात, पाळीच्या ड्युटीवर. सायकलिंगला त्याचा पूर्ण पाठिंबा होता. “तू जा ग, मी आहे ना,” असं तो म्हणे आणि कूस बदले. पाठिंबा खरा होता, फक्त तो झोपेत असे.

अडचण गट्टूची होती. शेजारी बोअर खणत होते तेव्हा तो दोन तास गाढ झोपला होता. पण आईने हेल्मेटचा पट्टा लावला, की त्या एवढ्याशा ‘टक्’ने तो उठून बसे आणि मोठ्याने रडे. मग चारुलता हेल्मेट खाली पार्किंगमध्ये ठेवू लागली. तेव्हा तो दाराच्या कडीने उठू लागला. शेवटी तिने इमारतीच्या कंपाउंडमध्येच फेऱ्या मारायचं ठरवलं. गट्टू उठला, की ललितने तिसऱ्या मजल्यावरून हाक मारायची आणि तिने सायकल सोडून वर पळायचं. असं दोन आठवडे चाललं. वॉचमन लोटन खुर्चीवर बसून तिला गोल गोल फिरताना बघत असे. एके दिवशी त्याला राहवलं नाही.

“ताई, काही हरवलंय का?”

“नाही. सराव करतेय.”

“असं,” लोटन म्हणाला आणि त्याने खुर्ची फिरवून तोंड रस्त्याकडे केलं. त्याला गरगरत होतं.

सरावाचं कारण तिच्या ऑफिसमधला रुपचंद. तो सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये होता. जानेवारीत त्यांची दोनशे किलोमीटरची, खरं तर त्याहून थोडी जास्तच, राईड होती. जळगावहून निघायचं, एरंडोल, पारोळा, धुळे करून सोनगीरला पोचायचं आणि आल्या वाटेने परत. सकाळी सहाला सुरुवात, साडेतेरा तासांची मुदत.

“नाव दे,” रुपचंद म्हणाला.

“माझी मुलं लहान आहेत.”

“माझीही आहेत.” त्याला तीन होती. सकाळी ती काय करतात हे त्याने सांगितलं नाही, कारण त्याला ते नक्की माहीत नव्हतं.

चारुलताने नाव दिलं. कंपाउंडमध्ये फिरून सोनगीर येत नाही हे तिला कळत होतं, तरी दिलं.

दिवाळी झाली आणि असोद्याहून आबा आले. झिपरू आबा म्हणजे ललितचे वडील. वय बहात्तर. सगळा जन्म केळीत गेलेला, आता शेती थोरला मुलगा बघत होता आणि आबा त्याच्यावर लक्ष ठेवत होते. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावात झालं. डॉक्टरांनी सांगितलं, की महिना-दीड महिना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. म्हणजे शेत बंद. आबा काळा चष्मा लावून तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसले, ताठ.

त्यांना पहाटे चारला जाग येई. शेतात चारला उठणाऱ्याला काम असतं. फ्लॅटमध्ये नसतं. तिसऱ्या दिवशी पहाटे चारुलता चोरपावलांनी दाराकडे निघाली होती. बूट हातात, कडी उघडायची हिंमत नाही. अंधारातून आवाज आला.

“कुठी चालली?”

ती दचकली. “सायकलवर, आबा. कंपाउंडमध्येच.”

“आत कायले फिरते? रस्ता नही का?”

“गट्टू उठतो ना. रडतो.”

“उठू दे. मी जागाच हाये. तू जाय.”

सासूबाई हयात होत्या तेव्हा त्या नेहमी सांगत, की आबांनी स्वतःच्या चार पोरांपैकी एकालाही कधी कडेवर घेतलं नाही. ललित म्हणे, आपल्याला वडील आहेत हे त्याला शाळेत नाव घालताना कळलं.

“आबा, तुम्हाला त्याला उचलता येणार नाही. डॉक्टरांनी…”

“उचलत कोन हाये?” आबा म्हणाले. “जाय.”

ती गेली. शहर ओलांडून असोद्याच्या वाटेला लागली आणि सगळा वेळ तिच्या कानात गट्टू रडत होता. असोदा यायच्या आतच ती वळली आणि जिवाच्या आकांताने परत आली. तो तिचा आजवरचा सर्वांत वेगवान सराव होता.

घरात शांतता होती. आबा सोफ्यावर ताठ बसले होते. समोर गट्टू उभा होता, चड्डी उलटी घातलेली, शर्टाची बाही ओली, तोंड धुतलेलं.

“रडला?”

“रडला थोडा. म्हने, उचल. मी सांगतलं, मले वाकता येत नही. मंग थांबला.”

“आणि चड्डी कोणी घातली?”

“त्यानंच. मी म्हनलं, मी काही घालू शकत नही, तशीच ठेव. त्याले लाज वाटली.”

गट्टूला लाज वाटते ही बातमी तिला नवीन होती. त्या मुलाला आदल्या दिवसापर्यंत ती स्वतः घास भरवत होती.

पुढचे आठवडे असेच गेले. चारुलता पाळधीपर्यंत जाऊन आली, मग एरंडोलपर्यंत. आणि इकडे घरी, आबांना वाकता येत नसल्यामुळे, मुलं एकेक गोष्ट शिकत गेली. बूट घालायला कुणी वाकणार नाही म्हणून बूट घालायला शिकली. सांडलेलं पुसायला कुणी वाकणार नाही म्हणून पुसू लागली. भाविका गट्टूची बटणं लावू लागली, वरचं खाली आणि खालचं वर. आबा बसल्या जागेवरून देखरेख करत. केळीची रोपं लावून घेताना मजुरांशी जेवढं बोलत, तेवढंच पोरांशी बोलत.

काही नियम मोडले, ते मोडलेच. मुलांना चहा द्यायचा नाही, हा चारुलताचा नियम होता. आबांनी तो मोडला नाही, बशीत ओतून चहाला दूध म्हणायला सुरुवात केली. घरात शुद्ध बोलायचं, हाही एक नियम होता. एक दिवस भाविकाच्या शाळेतून फोन आला. बाई काळजीच्या सुरात म्हणाल्या, की भाविका आज वर्गात उठून म्हणाली, ‘काव मॅडम, मले कायले उभं केलं?’ घरी सगळं ठीक आहे ना? चारुलता म्हणाली, ठीक आहे. त्या संध्याकाळी ती भाविकाशी याबद्दल बोलणार होती, पण सकाळी ती रजा टाकून पारोळ्याच्या अलीकडपर्यंत जाऊन आलेली होती आणि जेवणाच्या ताटावरच तिला झोप लागली. गट्टूने तिच्या हातातला चमचा काढून घेतला, असं ललितने नंतर सांगितलं.

एका रविवारी ती दमून आली आणि गट्टूला आंघोळ घालायला उठली. “मी घालतो,” गट्टू म्हणाला, “माझी माझी.” त्याने न्हाणीघराचं दार लोटून घेतलं. चारुलता टॉवेल हातात घेऊन बाहेर उभी राहिली. आत पाणी सांडण्याचा आवाज येत होता. दोन वर्षं तिला हेच हवं होतं. ती बराच वेळ तिथेच उभी होती, कारण टॉवेल कुठे ठेवायचा हे तिला सुचत नव्हतं.

राईडच्या आधी पंधरा दिवस ललित आबांना तपासणीला घेऊन गेला. परत आल्यावर आबांनी जाहीर केलं, “अजून पंधरा दिवस वाकायचं नही म्हने.” आणि सोफ्यावर जाऊन बसले.

ललित स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे. उद्यापासून शेतात गेले तरी चालेल.”

“मग?”

“मग काही नाही. रिक्षात मला म्हणाले, तू गप्प राह्य.”

चारुलताने पोळी उलटली. “तू गप्प राहा,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती ऑफिसातून लवकर आली, तर आबा हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली काठी घालत होते. गट्टूचा चेंडू आत गेला होता. तिला पाहून ते उठले आणि शक्य तितके ताठ झाले. “चष्मा पडला व्हता,” ते म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. चारुलताने पाणी हवंय का विचारलं. ते हो म्हणाले. विषय संपला.

राईडच्या दिवशी थंडी होती. बांभोरीच्या पुलावर धुकं होतं आणि पुढच्या सायकलीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. जाताना सगळं चांगलं झालं. वारा पाठीशी होता. एरंडोलला चहा झाला, पारोळ्याला केळी. धुळ्याच्या चौकात प्रत्येकाच्या कार्डावर वेळेचा शिक्का मारणाऱ्या माणसाने विचारलं, “मॅडम, मुलं आहेत का? कुठे ठेवली?” चारुलताने सांगितलं. रुपचंद तिच्या मागेच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याने स्वतःहून सांगितलं, “मला तीन आहेत.” शिक्का मारणारा म्हणाला, “वा.”

सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी भिकुबाईंची खानावळ होती. तिथे जेवायचं ठरलं होतं. भिकुबाई साठीच्या, हातात भाकरीचं पीठ. त्यांनी चारुलताच्या हेल्मेटकडे पाहिलं, मग पायांकडे.

“कथाईन उनी व बहीन?”

“जळगावहून.”

“सायकलवर? आनि पोरे?”

“सासऱ्यांकडे ठेवलीत.”

“सासूकडे.”

“नाही. सासऱ्यांकडे.”

भिकुबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि त्या खाली बसल्या. “मना सासरा ते पानीना गलास बी उचले नही,” त्या म्हणाल्या. “नवरा बी नही.” मग त्यांनी चारुलताच्या ताटात न मागता वांग्याचं भरीत वाढलं, वर तेल सोडलं, आणि ती सगळं संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. “बठ्ठं खाय. वापस जाणं शे तुले.”

परतीला वारा समोरून आला. धुळे सुटल्यावर रस्ता सरळ होता आणि ट्रक गेला, की सायकल एका बाजूला ओढली जाई. पारोळ्याच्या आधी चारुलताचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, पण टायर रिमवर चढेना. बाकीचे पुढे गेले होते. रुपचंद थांबला, पण त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते आणि तो रस्त्याच्या कडेला आडवा पडून तिला सूचना देत होता. टायर बसला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

पारोळ्यात रुपचंद पुन्हा आडवा झाला, तिने सायकल भिंतीला टेकवली आणि हिशेब केला. वेळेत पोचणं अवघड होतं. मुख्य म्हणजे, तिला घरी जावंसं वाटत होतं. बस स्टँड समोरच होता. सायकल टपावर टाकता आली असती. तिने घरी फोन लावला. गट्टूने उचलला.

“मम्मी, तू कुठी?”

“पारोळ्याला. मी येऊ का बसने? लगेच येते.”

पलीकडे गट्टू कुणाला तरी विचारत होता. मग तो परत आला.

“आम्ही धिरडं खाऊ राह्यलो,” तो म्हणाला. “तू सायकलनेच ये.” आणि त्याने फोन ठेवला.

चारुलताने फोन खिशात ठेवला. तिला रडू आलं, थोडं. हेल्मेट काढायचा कंटाळा आला होता म्हणून ती हेल्मेटसकट रडली. एक केळीवाला तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडून चार केळी घेतली, दोन स्वतः खाल्ली, दोन रुपचंदला दिली आणि म्हणाली, “उठ.”

ते दोघं जळगावात पोचले तेव्हा मुदत संपायला सात-आठ मिनिटं उरली होती. शिक्का बसला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण घरी गेले होते. उरलेल्या दोघांनी वाजवल्या.

घरी आली तर मुलं जेवत होती. भाविकाने वर पाहिलं.

“तू पहिली आली का?”

“नाही.”

“शेवटची?”

“शेवटून दुसरी.”

“मंग शेवटी कोण आलं?”

“रुपचंदकाका.”

भाविकाचं समाधान झालं. गट्टू उठला नाही. त्याने घास संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं, हात धुतले, पुसले, आणि मग येऊन आईच्या मांडीवर बसला. तिच्या पायांत एवढी कळ होती, की तिने ओठ आवळले. पण तिने त्याला उठवलं नाही.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने असोद्याला गेले. थोरल्याने केळीला पाणी जास्त दिलं असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. निघताना त्यांनी ललितला दाराबाहेर बोलावलं. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, पण त्याच आठवड्यात त्याने कारखान्यात सांगून कायमची दुपारची पाळी मागून घेतली.

गट्टू दोन दिवस सोफ्यावर कुणाला बसू देत नव्हता.

पुढच्या सोमवारी पहाटे चारुलता उठली तेव्हा हॉलमध्ये दिवा लागलेला होता. ललित सोफ्याच्या कडेला बसला होता, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. त्याने चहा केला होता. त्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. चारुलताने तो पिऊन टाकला.

“कुठपर्यंत जाणार आहेस?” त्याने विचारलं.

“बघते,” ती म्हणाली आणि तिने दाराची कडी काढली.