मोडलेली धार

सासऱ्यांच्या अंगठ्याला तीन टाके पडले, ते शर्टाच्या बटणाचा दोरा कापताना. मी दुकानात होते आणि नवरा बाहेरगावच्या बसवर. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी धावतपळत पोचले तेव्हा बाबा बाकावर बसून डॉक्टरांनाच समजावत होते, की चूक चाकूची नव्हती, बटणाची होती.

बाबांचा चाकू म्हणजे फार काही मोठं हत्यार नव्हतं. मूठ तळहातात मावणारी, पातं जेमतेम तीन बोटं. मिटणारा नव्हता. चामड्याच्या म्यानात घालून ते तो कमरेच्या पट्ट्याला लावायचे. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यात ताडपत्र्या आणि ट्रकवरची कापडी छतं शिवली. तिथल्या लोहाराने एका झिजलेल्या कानशीतून त्यांना तो करून दिला होता. निवृत्त झाल्यावर डबा, गणवेश, गेटचा पास सगळं सुटलं, पण चाकू कमरेलाच राहिला. दिवसभर त्याला काही ना काही काम असायचंच. कधी पार्सल फोडायचं, कधी सफरचंद चिरायचं, तर कधी शब्दकोड्याची पेन्सिल तासायची. नवऱ्याने एकदा पेन्सिलीचं शार्पनर आणून दिलं, तर म्हणाले, "हे दात नसलेल्यांसाठी असतं."

सकाळी चहा झाला की ते खिडकीजवळ धारेचा दगड घेऊन बसत. दगडावर पाणी शिंपडायचं, पात्याची पाठ दोन नाण्यांइतकी उचलायची आणि एका संथ लयीत ओढायचं. शेवटी पट्ट्याच्या चामड्यावर दहा-बारा वेळा पुसून वर्तमानपत्राची एक पट्टी कापायची. कागद आवाज न करता दुभंगला की चाकू म्यानात.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात सुरू झाला. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरायचा. गंमत म्हणजे हातात काम दिलं की तो बराच शांत व्हायचा. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, तेव्हा त्यांना कामात ठेवा. पण टाके पडले आणि नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तो चाकू काढून घ्या आधी. उद्या काही झालं तर तुम्हीच घरात एकट्या असणार आहात."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. नवरा आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर असायचा. मी दुपारी दुकानात जायची, ती रात्री आठला परत यायची. मधले सहा तास बाबा एकटे.

मी चाकू काढून कपाटात ठेवून पाहिला. बाबांनी तो मागितला नाही. पण दर थोड्या वेळाने त्यांचा हात कमरेकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. तिसऱ्या दिवशी मला बघवेना. मी चाकू परत दिला. मात्र देताना डोक्यात दुसरंच घेऊन दिला.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. काच फ्रेममध्ये बसवण्याआधी तिची कड आम्ही चाकावर हलकेच मोडतो, म्हणजे ती फुटली तरी गालाला कापत नाही. हे मी दिवसातून चाळीस वेळा करते. चाकूच्या बाबतीत मी तेवढंच करायचं ठरवलं.

बाबा धार लावून आंघोळीला गेले की चाकू खिडकीत असायचा. मी एक जुना कप उपडा करायची. त्याच्या बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत कडी असते, तिच्यावर धार उभी धरून दोनदा ओढायची. पाण्याचा आवाज थांबायच्या आत चाकू जागच्या जागी. पातं वरून तसंच दिसे, फक्त ते काही कापत नसे.

पहिल्या रात्री मी परतल्यावर सफरचंद कापताना बाबा म्हणाले, "आज दगडाला पाणी कमी पडलं वाटतं."

दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "दगडाला खड्डा पडलाय मधोमध." मग त्यांनी अख्खी दुपार खर्चून दगड फरशीवर घासून सपाट केला. सकाळी धार लावली, वर्तमानपत्र सुरेख कापलं, आणि संध्याकाळी दोराही तुटेना. सकाळी असलेली धार संध्याकाळपर्यंत कुठे जाते, हे त्यांना उमगेना.

मग म्हणाले, "पोरी, माझा नंबर वाढलाय का बघ. धार नीट बसत नसणार. मला वाटतं बसली, पण बसत नाही."

मी त्यांना दुकानात नेलं. नंबर थोडा वाढला होता खरा. नव्या काचा मी स्वतः घासल्या, फार मन लावून. चष्मा नाकावर चढवून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता बघ कशी धार लागते." मी हसले. घरी येईपर्यंत मला त्यांच्या डोळ्यांकडे बघता आलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी वाजायला लागलं आणि मी कप उचललाच. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या अंगठ्याचं रक्त डोळ्यांपुढे होतं, आणि नणंदेचं ते 'एकट्या' कानात.

पुढच्या सोमवारी बाबा दगड घेऊन बसलेच नाहीत. चाकू आणि दगड दोन्ही जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले.

"ठेव कुठेतरी. आता माझ्याच्यानं होत नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं. आपोआप झालं, कोणाला दुखवावं लागलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण बुधवारी त्यांनी दाढी केली नाही. "कापून घेईन," म्हणाले. शुक्रवारी शर्टाची बटणं लावायला मला हाक मारली. शब्दकोडं बंद झालं, कारण अक्षरं चौकटीबाहेर जातात म्हणे. रविवारी भरलेला कप त्यांनी उचललाच नाही. मी देईपर्यंत नुसते त्याच्याकडे बघत बसले. हात पूर्वीइतकाच थरथरत होता. पण त्या हातांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता, आणि तो मी घालवला होता.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, धार तुमची चांगलीच लागत होती. मी मोडत होते. रोज, तुम्ही आंघोळीला गेलात की."

त्यांनी कपावरची नजर माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "कधीपासून?"

"सव्वा महिना झाला."

"कशावर?"

"कपाच्या बुडावर."

"आण."

मी कप आणला. त्यांनी तो उलटा करून नव्या चष्म्यातून पाहिला. कडीवर लोखंडाच्या करड्या रेघांचं जाळं झालं होतं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"मला वाटलं माझे हात गेले," ते म्हणाले. "सव्वा महिना मी त्यांचं सुतक धरून बसलोय, पोरी."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ते उठून आत गेले. दोन दिवस आमच्यात 'जेवायला या' आणि 'हो' याच्यापुढे बोलणं झालं नाही. नवरा आला तेव्हा मला वाटलं, आता बाबा त्याला सगळं सांगणार. पण बाबांनी त्याच्याशी रस्त्याच्या आणि डिझेलच्या गप्पा मारल्या आणि माझं नावही काढलं नाही. तो परत ड्यूटीवर गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. खिडकीत टॉवेल उलगडलेला होता.

"त्याला सांगायचं असेल तर तू सांग. मी सांगणार नाही. बस इथे."

मी बसले.

"हे मोडलंस तू, नीटही तूच करायचं. मी नुसता सांगणार."

मला वाटलं, घासणं तर माझं रोजचं काम आहे. पण काच आणि पोलाद यांत फार फरक असतो. माझा हात हलका पडायचा आणि पातं दगडावरून नुसतं सरकायचं. बाबा म्हणायचे, "गोंजारतेस काय त्याला? दाब." दाबलं की कोन बिघडायचा. पात्याच्या एका बाजूला बोटाला लागेल न लागेल अशी बारीक कड वळून येते. तिला ते 'केस' म्हणायचे. तो केस टोकापासून मुठीपर्यंत सलग लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही. पहिल्या दिवशी मला केस सापडलाच नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या पात्यावर सापडला. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, कोन दाखवायला. थरथर माझ्या मनगटापर्यंत आली आणि पातं दगडाला लागताच निवली. आम्ही दोघांनी मिळून दहा-बारा वेळा ओढलं. 

आठव्या दिवशी वर्तमानपत्र कापलं गेलं. ते माझ्याकडून चाकू घेऊन म्हणाले, "कारखान्यात चाललं नसतं. घरात चालेल."

मग मी माझी भीती सांगितली, जी आधी सांगायला हवी होती. त्यांनी ऐकून घेतली. बसूनच कापायचं, अंगापासून लांब कापायचं, आणि घरात कोणी नसताना दोरे-बटणांच्या नादी लागायचं नाही, असं ठरलं. नणंदेला मी फोन केला. ती रागावली. "तुमची जबाबदारी," म्हणाली. "हो," म्हटलं, "माझी आणि त्यांची."

त्यानंतर अडीच वर्षांत त्यांनी दोनदा कापून घेतलं, दोन्ही वेळा पट्टीवर भागलं. एकदा चूक त्यांची होती, एकदा सफरचंदाची, असं त्यांचं म्हणणं. दाढी मात्र ते शेवटच्या हिवाळ्यापर्यंत स्वतः करत होते.

नवऱ्याला मी पुढे सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर कपाटातच ठेवला असता." हे दिलासा म्हणून होतं की दोष म्हणून, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या काही महिन्यांत बाबांच्या बोटांत पकड उरली नव्हती. मी पलंगाशी स्टूल ओढून धार लावायची. ते डोळे मिटून पडलेले असत. मला वाटे, झोपले. मी एकाच बाजूला जरा जास्त रेंगाळले की पडल्यापडल्या म्हणत, "झाला केस. उलटव आता."

आणि बोट फिरवून बघितलं की खरंच झालेला असायचा.