शिळ्या पावाचं दान

नासलेलं अन्न उकिरड्यावर टाकताना आपला हात अडखळतो. तेच देवाच्या नावानं कुठंतरी टाकलं की मन हलकं होतं. वडवणीच्या मन्मथप्पांचं मन दर सोमवारी असं हलकं होत असे.

त्यांचं किराण्याचं दुकान होतं. बाजार खुला झाला तशी प्लास्टिकच्या पिशवीतली पाव-बिस्किटं गावात येऊ लागली. मांडणीवर माल शोभून दिसे, पण खपे थोडाच. बुरशी आलेला पाव कंपनीचा माणूस परत घेत नसे. मग मन्मथप्पा तो सोमवारी महादेवाच्या देवळाजवळच्या बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत, माशांना टाकत. त्यांचं पाहून बाजारपेठेतले इतरही टाकू लागले. मुक्या जिवांच्या मुखी अन्न जातं, असं सगळे म्हणत.

त्यांची मुलगी शिवांजली एम.एस्सी.ची परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आली. रत्नागिरीच्या खाडीत माशांची पिल्लं काय खातात, यावर तिनं काम केलं होतं. आल्यावर ती सहज बारव पाहायला गेली आणि अर्ध्या पायऱ्यांवरच तिला नाकाला ओढणी लावावी लागली.

पाण्यावर फुगलेल्या पावाची पिवळट, जाड साय धरली होती. तिच्यावर हिरवी-काळी बुरशी पसरली होती. खालून बुडबुडा येऊन फुटला की सडक्या अंड्यासारखा वास येई. कडेच्या लिबलिबीत घाणीत गप्पी माशांची पिल्लं पोट वर करून पडली होती. गप्पी मासा नालीतही जगतो. तो इथं मेला होता.

शेवटच्या पायरीवर शहजादी हातानं ती साय बाजूला सारून घागर भरत होती. ती मुनव्वर मिस्त्रीची बायको. बारवेच्या मागंच राहायची. त्या गल्लीपर्यंत नळाचं पाणी पोचत नसे.

"हे पिता तुम्ही?" शिवांजलीनं विचारलं.

"मग काय पिऊ, ताई? माझ्या पोरीला, उज्माला, परवापासून जुलाब लागलेत. लेकराला उकळून देते. पण उकळलं की वास अजूनच सुटतो."

शहजादीच्या अंगणात सांडपाण्याचा हौद होता. डास होऊ नयेत म्हणून तिनं बारवेतलेच गप्पी मागं त्यात सोडले होते. शिवांजलीनं एका पेल्यात हौदातली पिल्लं घेतली, दुसऱ्यात बारवेतली धुगधुगी असलेली दोन-चार, आणि दोन्ही पेले घरी आणून वडिलांपुढं ठेवले. एवढ्याशा पिल्लाचं अंग काचेसारखं असतं, आत काय आहे ते बाहेरून दिसतं. हौदातल्या पिल्लांची पोटं काळी, भरलेली होती. बारवेतल्यांची रिकामी.

तिनं समजावून सांगितलं. खाडी असो की बारव, पिल्लाचं तोंड सुईच्या टोकाएवढं. पाण्यात तरंगणारे बारीक जीव, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या डासांच्या अळ्या, हेच त्याचं खाणं. तोंड वाढेल तसा घास वाढतो. पाव त्याच्या पोटात जात नाही. तो पाण्यात सडतो आणि सडताना पाण्यातली हवा संपवतो.

मन्मथप्पा पेल्यांकडं बघेनात. माळकरी-टिळेकरी नसले तरी लिंगायताचं घर, मासळीचं नाव निघत नसे.

"मासं काय खातेत हे शिकाया इतक्या लांब गेलतीस व्हय? मी टाकलं की लई तुटून पडतेत. उचल ते आधी."

"मोठे मासे चावे घेतात, आप्पा. पिल्लं मरतात. आणि ते पाणी शहजादीच्या घरची माणसं पितात."

"देवाच्या पाण्याला काय होत न्हाई," म्हणून ते उठले. पुढच्या सोमवारसाठी पावाचं पोतं दारात तयारच होतं.

गंगासागरबाई, शिवांजलीची आई, हे सगळं ऐकत होत्या.

सोमवारी मन्मथप्पा अंघोळ करून पूजेला बसले. भस्म लावलं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि पाण्यासाठी तांब्या उचलला. उचलताच त्यांचं नाक आक्रसलं. तांब्यात पिवळट पाणी होतं आणि कडेला बुरशीचा एक तुकडा चिकटला होता. त्यांनी तो झटकन दूर धरला.

"हे काय घाण आणून ठिवलीस?"

"घाण कशी?" गंगासागरबाई म्हणाल्या. "तुमच्या बारवेचं पाणी हाय. देवाचं."

"हे लिंगावर घालू?"

"नका घालू. मी घालू बी दिलं नसतं." त्यांनी तांब्या काढून घेतला. "तुमच्या देवाला चालत न्हाई, मग शहजादीच्या लेकराला कसं चालतं? शिवांजली लहान व्हती तवा मी तिला तांदळाची पेज भरवायचे. पुरणपोळी का भरवली न्हाई? तिला काय पचंल ते बघितलं ना? मग माशाच्या लेकराला काय लागतं ते कवा बघितलं? तुमाला पाव टाकायचा व्हता. नाव तेवढं माशाचं घेतलं."

मन्मथप्पांचा तळहात तसाच पसरलेला राहिला. त्यांनी दुसऱ्या तांब्यातलं पाणी मागून घेतलं, पूजा केली. पण मंत्र म्हणताना मध्येच थांबले. बोटांना वास येत होता.

त्या दिवशी पोतं बारवेवर गेलं नाही. मन्मथप्पा स्वतः मोठी चाळणी घेऊन पायऱ्या उतरले आणि ती साय काढू लागले. ती हाताला चिकटे, मनगटावरून ओघळे. दोनदा त्यांना ओकारी आली. शिवांजलीनं चाळणी मागितली तर दिली नाही. वर मुनव्वर मिस्त्रीनं इंजिन लावलं आणि बारव उपसायला घेतली. झऱ्यांचं नवं पाणी भरेपर्यंत मन्मथप्पांच्या घरचं नळाचं पाणी शहजादीच्या घरी गेलं, आणि ते पोचवायला ते स्वतः गेले.

उज्मा बरी झाली. पाणी निवळल्यावर शहजादीनं हौदातली पिल्लं पुन्हा बारवेत सोडली. पुढच्या एका सोमवारी मन्मथप्पा दर्शनाला आले, सवयीनं काठाशी थांबले आणि रिकामे हात पाठीमागं बांधून खाली बघत राहिले. पिल्लं पायरीवरच्या शेवाळातले बारीक जीव टिपत होती.

वाचकहो, आपल्या गावातही अशी बारव असेल, किंवा अशी नदी, असा तलाव. तिथं काही टाकण्याआधी तिथलं सर्वांत लहान तोंड काय खातं, ते विचारा. त्याला हवं ते दिलं तरच ते दान. आपल्याला नको ते दिलं, तर ती घाण. आणि कोणीतरी ती हातानं बाजूला सारून घागर भरत असतं.